दोन मिलिमीटरची चाळण

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गच्चीवरच्या खताच्या क्रेटमध्ये मी तीन वस्तू पुरल्या. पहिली, दुकानातून सामानाबरोबर आलेली हिरवट पांढरी पिशवी. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘कंपोस्टेबल’ असं छापलेलं होतं आणि खाली बारीक टायपात प्रमाणपत्राचा क्रमांकही होता. दुसरी, घरच्या पूजेच्या जेवणावळीतून उरलेली पळसाच्या पानांची पत्रावळ. तिसरा, वर्तमानपत्राचा दुमडलेला एक कागद. जागा चुकू नये म्हणून तिन्ही ठिकाणी काड्या खोचल्या आणि वरून रोजचा ओला कचरा, पालापाचोळा, ताकाचं पाणी नेहमीसारखं घालत राहिलो.

होळीच्या आधी क्रेट उपसला. कागदाचा मागमूस नव्हता. पत्रावळीच्या शिरांची जाळी आणि पानं टाचायच्या चार काड्या एवढंच हाताला लागलं. पिशवी मात्र सापडली. तिच्यात जीव उरला नव्हता, उचलताच ती फाटत गेली, कडा विरल्या होत्या. पण तिच्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती. खत चाळणीवर घेतलं तेव्हा काळा भुगा खाली पडला आणि वर नखाएवढे, बोटाएवढे पांढरट तुकडे राहिले. ते वेचून काढायला एक अख्खी दुपार गेली.

आपण फसवलो गेलो, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. तो घाईचा होता. ती पिशवी कदाचित पूर्णपणे खरी होती आणि प्रमाणपत्रही अस्सल होतं. फक्त त्या प्रमाणपत्राने जे वचन दिलं होतं ते माझ्या क्रेटला दिलेलंच नव्हतं. हे वचन नेमकं कुणाला, कोणत्या अटींवर आणि किती दिवसांचं असतं, ते समजून घेतल्याशिवाय पिशवीवरचा शब्द वाचण्यात अर्थ नाही.

आधी तीन शब्द वेगळे करायला हवेत, कारण बाजारात त्यांची सर्रास खिचडी केली जाते. ‘बायोबेस्ड’ म्हणजे वनस्पतीपासून बनवलेलं. हा शब्द जन्माबद्दल बोलतो, मरणाबद्दल नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीन तयार होतं. ते रेणूरचनेने आपल्या नेहमीच्या कॅरीबॅगच्या पॉलिथिलीनसारखंच असतं आणि तितकंच चिवटही. उलट पीबॅट नावाचं प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलापासून बनतं, पण त्याची साखळी अशी जोडलेली असते की सूक्ष्मजीवांना ती तोडता येते. आज मिळणाऱ्या बहुतेक मऊ कंपोस्टेबल पिशव्यांत हेच पीबॅट असतं, सोबत स्टार्च किंवा मक्यासारख्या पिकांपासून बनणारं पीएलए नावाचं प्लास्टिक. तेव्हा ‘मक्यापासून बनवलेली’ हे वाक्य ऐकून पिशवी कुजेल असं धरून चालू नये आणि ‘तेलापासून बनवलेली’ ऐकून कुजणार नाही असंही नाही.

दुसरा शब्द ‘जैवविघटनशील’, म्हणजे सूक्ष्मजीव ज्याचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःचं शरीर यांत रूपांतर करू शकतात असं. यात किती दिवसांत आणि कुठे, हे सांगितलेलं नाही. सागवानाचा ओंडकाही जैवविघटनशील आहे आणि त्याच सागवानाचे वासे वाड्यात दोनशे वर्षं टिकतात. तिसरा शब्द ‘कंपोस्टेबल’. याला मात्र जागा, तापमान आणि मुदत जोडलेली आहे. म्हणूनच तो तपासता येतो आणि त्याचं प्रमाणपत्र देता येतं.

तपासणी कशी होते हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. भारतात त्यासाठीचं मानक आहे आयएस/आयएसओ १७०८८. युरोपचं ईएन १३४३२ आणि अमेरिकेचं एएसटीएम डी ६४०० याच वळणाची आहेत. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली होती आणि ती दुधाळ झाली होती, ते आठवा. इथे तेच तत्त्व काटेकोरपणे वापरलं जातं. काही महिने मुरलेलं तयार खत बंद भांड्यात घेतात, त्यात प्लास्टिकचा नमुना मिसळतात, भांडं ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली ओलसर हवा सोडत राहतात. जिवाणू आणि बुरशी नमुना खाऊ लागल्या की त्यांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. तो पकडून मोजतात. शेजारी दुसऱ्या भांड्यात नुसतं खत असतं, म्हणजे खताचा स्वतःचा श्वास वजा करता येतो. तिसऱ्या भांड्यात खताबरोबर शुद्ध सेल्युलोज असतं. या सेल्युलोजचं ४५ दिवसांत ७० टक्के विघटन झालं नाही, तर ते खतच निर्जीव ठरतं आणि सगळी चाचणी रद्द होते. नकळत माझ्या क्रेटमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाने हीच कामगिरी केली होती. कागद संपला, म्हणजे क्रेट जिवंत होता.

नमुन्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन जास्तीत जास्त १८० दिवसांत वायुरूपाने बाहेर पडला पाहिजे, ही अट आहे. शंभर का नाही, असं कुणालाही वाटेल. खाणारा जीव सगळंच उच्छ्वासात सोडत नाही. काही कार्बन त्याच्या अंगी लागतो, त्याच्या पेशींत जातो. तो मोजणीत पकडता येत नाही, म्हणून तेवढी सूट.

हे झालं रासायनिक विघटनाचं. त्याखेरीज वस्तू डोळ्यांदेखत नाहीशी व्हावी लागते. बारा आठवडे खतात ठेवल्यावर ते खत दोन मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळतात. मूळ कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक माल चाळणीवर राहिला, तर वस्तू नापास. इथे जाडीचा प्रश्न येतो. त्याच दाण्यांपासून बनवलेली पातळ पिशवी पास होईल आणि जाड चमचा नापास होईल. म्हणून कच्चा माल पास झाला की त्यापासून बनलेली प्रत्येक वस्तू पास झाली, असं समजता येत नाही.

मग उरलेल्या खतात रोपं लावतात. दोन वेगवेगळ्या जातींचं बी साध्या खतात आणि या खतात पेरायचं. उगवण आणि रोपांचं वजन साध्या खताच्या तुलनेत ९० टक्क्यांपेक्षा कमी भरता कामा नये. शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम अशा जड धातूंवर वेगळ्या मर्यादा आहेत, त्या मुख्यतः शाई आणि रंगांसाठी. या शेवटच्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पिशवी नाहीशी होणं पुरेसं नाही, ती जिथे नाहीशी झाली तिथे पुन्हा काही उगवलं पाहिजे. मानक लिहिणाऱ्यांनी शेवटचा निवाडा रोपाच्या हाती सोपवला, हे त्यांचं शहाणपण.

आता त्या ५८ अंशांकडे येऊ, कारण माझी पिशवी तिथेच अडली. पीएलएसारख्या प्लास्टिकचे रेणू इतके लांब असतात की सूक्ष्मजीवांना त्यांचा घास घेता येत नाही. आधी पाणी त्या साखळीत शिरून तिचे तुकडे करतं, मग जिवाणू ते खातात. पीएलएची साखळी ६० अंशांच्या आसपास ढिली पडते, पाण्याला वाट मिळते आणि काम वेग घेतं. पंचवीस-तीस अंशांना तीच साखळी काचेसारखी घट्ट असते. म्हणून पीएलएचा पारदर्शक पेला बागेतल्या मातीत वर्षानुवर्षं जवळपास जसाच्या तसा राहू शकतो. पीबॅट-स्टार्चच्या पिशव्या जरा मवाळ असतात, पण गारव्यात त्याही रेंगाळतात.

इतकी उष्णता येते कुठून? ती बाहेरून द्यावी लागत नाही. थंडीतल्या पहाटे उकिरडा उकरला की वाफ निघते, हे गावाकडच्या कुणालाही माहीत आहे. खाणाऱ्या जिवाणूंचीच ती ऊब. पण ती टिकायला ढीग मोठा हवा, आत हवा खेळायला हवी आणि ओल जपायला हवी. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे शेतकऱ्यांच्या नाडेपकाकांनी, हौदाचं माप दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं ठरवलं आणि विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं सोडली, वरून शेणमातीने लिंपण दिलं. ऊब, हवा आणि ओल यांचं गणित त्या बांधणीत आहे. माझा क्रेट दीड फुटाचा. त्यातली ऊब चारी बाजूंनी निसटते. डिसेंबरात मी त्यात थर्मामीटर खोचला तेव्हा पारा एकदाही ३४ च्या वर गेला नाही.

घरच्या खतासाठी वेगळं प्रमाणपत्र असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. बेल्जियमच्या एका संस्थेने ते सुरू केलं. ते काम आज टीयूव्ही ऑस्ट्रिया या गटाकडे आहे आणि त्याचं ‘ओके कंपोस्ट होम’ हे चिन्ह युरोपभर दिसतं. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये आणि फ्रान्सने २०१५ मध्ये घरच्या खतासाठी मानकं केली. इथे चाचणी वीस ते तीस अंशांत होते आणि विघटनाला वर्षभराची मुदत असते. पण हेही हमखास नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या हजारो नागरिकांना हाताशी धरून घरगुती खताचा मोठा प्रयोग केला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा ‘होम कंपोस्टेबल’ प्रमाणित वस्तूंपैकी ६० टक्के पूर्णपणे मोडल्या नव्हत्या. प्रयोगशाळेतला डबा सारखा असतो, माणसांचे डबे सारखे नसतात.

‘जैवविघटनशील’ या मोकळ्या शब्दाचं काय होतं, याचं उदाहरण त्याच देशातल्या प्लिमथ विद्यापीठाने दिलं. इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी दुकानात मिळणाऱ्या पाच तऱ्हेच्या पिशव्या उघड्या हवेत, मातीत आणि समुद्राच्या पाण्यात तीन वर्षं ठेवल्या. २०१९ मध्ये निकाल छापून आला. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी तीन वर्षांनी मातीतून आणि समुद्रातून काढली, तर तिच्यात किराणा भरून नेता येत होता. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती होती, फक्त वजन पेलण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता. माझ्या क्रेटमधल्या तुकड्यांचं वर्णन मला त्या निबंधात भेटलं.

त्याच प्रयोगात ‘ऑक्सो’ पिशव्याही होत्या. हा प्रकार आपल्याकडेही बरीच वर्षं ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकला गेला. साध्या पॉलिथिलीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज किंवा लोहाचे क्षार थोडेसे मिसळतात. ऊन आणि हवा लागली की पिशवी ठिसूळ होऊन तिचा चुरा होतो. चुरा झाला म्हणजे कुजलं, असं नव्हे. ते बारीक झालेलं पॉलिथिलीनच असतं आणि चाळणीतून आरामात खाली पडतं. दोन मिलिमीटरची चाळणी एकटी पुरत नाही, सोबत श्वासाची मोजणी लागते, ती याचसाठी. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून ऑक्सो प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाने तर २०१३ पासून प्लास्टिकच्या वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्दच छापायला मनाई केली. मुदत आणि जागा न सांगता हा शब्द ग्राहकाची दिशाभूल करतो, ही त्यामागची भूमिका मला पटते.

आपला कायदा याच दिशेने, पण पायरीपायरीने आला. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली आणि बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. माल १७०८८ मानकात बसला पाहिजे आणि विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं पाहिजे. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि त्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापणं बंधनकारक झालं. २०२१ च्या दुरुस्तीने साध्या कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ आणि मग १२० मायक्रॉन केली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. कंपोस्टेबल माल याही बंदीबाहेर राहिला. महाराष्ट्राने त्याच्याही आधी, मार्च २०१८ मध्ये, स्वतःची कडक बंदी आणली होती. त्या अधिसूचनेत रोपवाटिका, फळबागा, शेती आणि घनकचरा हाताळणी यांपुरतीच कंपोस्टेबल पिशव्यांना मोकळीक होती. पुढे २०२२ च्या अखेरीस सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञान संस्था आणि केंद्रीय मंडळ यांच्याकडून प्रमाणित झालेल्या कंपोस्टेबल ताटल्या, पेले, चमचे वगैरेंनाही परवानगी मिळाली.

याचा परिणाम काय होणार, हे बाजाराला लगेच कळलं. बंदीतून सुटायचा एकच दरवाजा असेल तर त्यावर खऱ्याबरोबर खोट्यांचीही गर्दी होते. साधी पिशवी हिरवी रंगवायची, वर पान छापायचं, ‘इको फ्रेंडली’ लिहायचं आणि क्रमांक दुसऱ्याचा टाकायचा. ही नक्कल हाताने ओळखता येत नाही. खऱ्या पिशवीचा स्पर्श मऊ आणि किंचित पिठूळ असतो, असं विक्रेते सांगतात, पण पॉलिथिलीनमध्ये खडूची भुकटी घालूनही तसाच स्पर्श आणता येतो. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून पॉलिथिलीन काही मिनिटांत उघडं पडतं. आपल्या हाती उरतो तो छापील मजकूर. पान, हिरवा रंग, पृथ्वीचा गोळा यांना कायद्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही. उत्पादकाचं नाव, १७०८८ हा आकडा आणि मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक या तीन गोष्टी एकत्र हव्यात. नाव आणि क्रमांक मंडळाच्या यादीशी ताडून पाहता येतात, आणि घाऊक खरेदी करणाऱ्या दुकानदाराने तरी ते करायलाच हवं.

मला सगळ्यांत समाधान दिलं ते मार्च २०२४ च्या दुरुस्तीने. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तूवर आता ती ‘केवळ औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये’ खत होते असं लिहायचं आहे. जैवविघटनशील म्हणवणाऱ्या वस्तूवर किती दिवसांत आणि कोणत्या ठिकाणी तिचं विघटन होईल, हे सांगायचं आहे आणि मागे मायक्रोप्लास्टिक राहता कामा नये. ‘केवळ’ हा एक शब्द माझ्या पिशवीवर असता तर तिला क्रेटचा रस्ता मी दाखवलाच नसता.

पण मग तिला कोणता रस्ता दाखवायचा? इथे लेबल संपतं आणि शहर सुरू होतं. पिशवी ओल्या कचऱ्यात टाकली, तर वर्गीकरणाच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या बाईंना ती प्लास्टिकचीच दिसते. सेकंदाला हाताखालून चार वस्तू जात असताना त्यांनी बारीक टायपातला क्रमांक वाचावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्या ती उपसून बाजूला टाकतात. सुक्या कचऱ्यात टाकली, तर ती भंगारात पॉलिथिलीनच्या गठ्ठ्यात जाते आणि दाणे बनवणाऱ्याचा माल कमकुवत करते. पीएलएची बाटली पीईटीच्या बाटल्यांत मिसळली तरी असंच होतं. दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीत वेगळ्या होत नाहीत, आणि वितळवताना पीएलए आधीच वितळून पीईटीला धुरकट, पिवळं करतं. रस्त्यावर टाकली, तर गटाराच्या जाळीवर बसलेली प्रमाणित पिशवी पाणी तितकंच अडवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तुंबलेल्या गटारांच्या चर्चेत प्लास्टिकच्या पिशव्या पुढे आल्या. तशा पावसात पिशवीला कुजायला १८० दिवस मिळत नाहीत, तासभरही मिळत नाही.

पिशवीला नीट रस्ता आखून देता येतो, हे इटलीने दाखवलं आहे. मिलान शहराने २०१२ च्या अखेरीस घरोघरीचं अन्न वेगळं गोळा करायला सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत सगळं शहर त्यात आलं. अन्न कंपोस्टेबल पिशवीतच बांधून द्यायचं. त्याच सुमारास देशभरात साध्या खरेदी पिशव्यांवर बंदी आली होती, त्यामुळे दुकानातून मिळालेली पिशवीच घरी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लागू लागली. २०१८ पासून फळभाजीच्या पातळ पिशव्यांनाही तोच नियम आला. तिथे पिशवीचं काम खरेदीपुरतं नाही. स्वयंपाकघरातलं ओलं उष्टं, वास आणि गळती न होता, खताच्या कारखान्यापर्यंत नेणं हे तिचं खरं काम आहे. बाजारातली पिशवी, घरातला डबा, गाडी आणि कारखाना एका धाग्यात ओवलेले आहेत, म्हणून तिथे प्रमाणपत्राला अर्थ आहे. आपल्याकडे मंडळाचा क्रमांक आला, धागा अजून ओवायचा आहे.

कंपोस्टेबल प्लास्टिक कुठे वापरावं, याचं एक उत्तर मला माझ्या चाळणीनेच दिलं. पिशवीच्या तुकड्यांबरोबर त्या दुपारी मी आणखी काहीतरी वेचत होतो. सफरचंदाच्या सालीवरून आलेले गोल, चकचकीत स्टिकर. एकूण अकरा. ते सालीबरोबर ओल्या कचऱ्यातच जाणार, कितीही बजावलं तरी जाणारच, आणि त्यांना सोलून वेगळं करणारा माणूस कुठल्याही शहरात मिळणार नाही. युरोपीय संघाने २०२५ मध्ये लागू केलेल्या पॅकेजिंगच्या नव्या नियमात फळांवरचे स्टिकर आणि चहाच्या पुड्या २०२८ पासून कंपोस्टेबलच असाव्यात असं म्हटलं आहे. जे अन्नाला चिकटून खताकडे जातंच, त्याने खत व्हावं. त्या अकरा स्टिकरांवरची कंपनीची नावं, देश आणि आकडे इतक्या महिन्यांनंतरही लख्ख होते. खत कुंड्यांत भरलं, पिशवीचे तुकडे आणि स्टिकर एका काचेच्या बरणीत घालून ठेवले. बरणी अजून खिडकीत आहे.